डावीकडची यादी

लंकाबाई पुठ्ठ्यावर बसलीय हे योगिनीला लांबूनच दिसलं, पण तो आपलाच पुठ्ठा आहे हे कळायला तिला रस्ता ओलांडून जावं लागलं.

सकाळी आठला तिनंच तो मोठ्या हौसेनं आणून दिला होता. पांढऱ्या कागदावर सहा चौकोनी कोड, प्रत्येकाखाली ठळक अक्षरात भाजीचं नाव, पावसाचं पाणी लागू नये म्हणून वर प्लास्टिक. गिऱ्हाइकानं कोडावर मोबाइल धरला की त्या भाजीचं पान उघडणार. त्यात भाजी कशी निवडायची, कशी शिजवायची, कशाबरोबर खायची, सगळं लिहिलेलं. लंकाबाईला दिवसातून चाळीस वेळा ‘टाकळा कसा करायचा?’ याचं उत्तर द्यावं लागायचं, ते वाचणार होतं. आणि आता नऊ वाजता बघावं तर कोड खाली, पुठ्ठा वर आणि त्यावर मांडी घालून लंकाबाई.

“मावशी, हे काय हो?”

“फरशी ओली हाय,” लंकाबाई म्हणाली. “आन् तुझा पुठ्ठा बसायलाच बरा. इकायला कामाचा नाय.”

लंकाबाई पेठच्या पुढच्या एका पाड्यावरची. पावसाळ्यात बुधवारी आणि शनिवारी पहिल्या एसटीनं निघायची, शहरातल्या पेठ नाक्यावर उतरून रिक्षा करायची आणि आठच्या आत गंगापूर रोडच्या या कोपऱ्यावर टोपली उतरवायची. सकाळी फिरायला येणारी मंडळी इथूनच परत जातात, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

योगिनी जवळच्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात सहायक. पुस्तकांवर नंबर टाकणं हे तिचं काम, आणि ‘रानभाजी कोश’ हे तिचं वेड. वेड खरं तर वत्सलाबाईंचं. वत्सलाबाई पंचवटीतल्या शाळेत तिला जीवशास्त्र शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी रानभाज्यांच्या वह्या भरल्या, वाळवलेली पानं चिकटवून, खाली सुवाच्य अक्षरात माहिती लिहून. टाळेबंदीच्या काळात योगिनीच्या मामेभावानं, अमितनं, त्या वह्यांसाठी एक विकी उभा करून दिला. कुणीही वाचावा, खातं असेल त्यानं भर घालावी, असा. वर्षभरात एकशे त्रेचाळीस पानं झाली. अमित नोकरीसाठी हैदराबादला गेला आणि जाताना विकीच्या किल्ल्या योगिनीच्या हाती देऊन गेला. त्या किल्ल्यांनी नेमकं काय काय उघडतं, हे तिनं आजवर कधी बघितलंच नव्हतं.

“पण झालं काय?” तिनं विचारलं.

लंकाबाईला सांगावं लागलं नाही. पांढरे बूट घातलेला एक गृहस्थ मोबाइल नाचवत परत येत होता.

“हे बघा,” तो थेट योगिनीलाच म्हणाला. “मी शेखर, इथंच मागच्या सोसायटीत राहतो. मी टाकळ्याचा कोड स्कॅन केला. बरोबर? तर टाकळा कुठे दिसतोय मला?”

योगिनीनं मोबाइल हातात घेतला. पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात कोशाची पट्टी होती, अंबाडीपासून हादग्यापर्यंत एकशे त्रेचाळीस नावांची अकारविल्हे यादी. टाकळ्याचं पान उजव्या कोपऱ्यात असं चेंगरलं होतं की एका ओळीत दोन शब्द मावत होते. ग्रंथालयातल्या रुंद संगणकावर हीच पट्टी किती शोभून दिसायची!

“यादी मात्र झकास आहे,” शेखर म्हणाला. “मी म्हटलं, शेवळं आहेत ना, द्या. तर नाही म्हणतात. मोहाची फुलं? नाही. मग यादीत कशाला ठेवलीत?”

“साहेब, शेवळं गेली मिरगातच,” लंकाबाई म्हणाली. “आन् मव्हाची फुलं चैतात. आता आषाढ लागला. झाडालाच इचारा जाऊन.”

“असे बारा जण आले,” शेखर गेल्यावर तिनं योगिनीला हिशेब दिला. “समदे उभं ऱ्हाऊन यादी वाचत व्हते. एक बाई तर मोठ्यानं वाचत व्हती, शाळेत कविता म्हणत्यात तसं. टोपलीकडं कुणी बघंना. मग म्या पुठ्ठाच उलटा केला.”

योगिनीला हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

दुपारी डबा खाता खाता तिनं अमितला फोन लावला.

“अगं, सोप्पं आहे,” अमित म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून आले की योगिनी सावध व्हायची. “कोशाचं कुठलंही पान उघडलं की त्याच्याबरोबर एक स्क्रिप्ट चालते. तिचं एक पान असतं, तू ॲडमिन आहेस, तुला ते बदलता येतं. त्यात लिहायचं, की पान भाजीचं असेल तर डावीकडची पट्टी दाखवू नकोस. दहा ओळी. मी पाठवतो, तू चिकटव.”

त्यानं पाठवल्या. योगिनीनं स्क्रिप्टचं पान उघडलं, देवाचं नाव घेतलं, दहा ओळी चिकटवल्या, जतन केलं आणि टाकळ्याचं पान उघडलं. पट्टी होती तिथंच. तिनं एक स्वल्पविराम बदलून पाहिला. पट्टी तशीच. मग तिला वाटलं, ‘भाजीचं पान असेल तर’ ही अटच कुठं तरी अडतेय. तिनं ती अट काढून टाकली. तरीही अंबाडी ते हादगा जसेच्या तसे. एवढ्यात दोन मुली पुस्तकं परत करायला आल्या, त्यांच्यामागे आणखी चौघी, आणि ‘आपल्याच्यानं हे व्हायचं नाही’ असं म्हणून योगिनीनं खिडकी बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन वाजला.

“योगिनी, माझी यादी कोणी खाल्ली?” वत्सलाबाईंचा आवाज निवृत्तीनंतर अठरा वर्षांनीही शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा होता.

“कुठली यादी, बाई?”

“कोशाची! पट्टी नाही, यादी नाही, काही नाही. मुखपृष्ठावर नाही, कुठल्याच पानावर नाही. मी रोज सकाळी चहाबरोबर पाच पानं तपासते, यादीच्या क्रमानं. काल ‘भ’पर्यंत आले होते. आज भारंगीवर जाऊ कशी?”

योगिनीनं मोबाइल कानाला धरूनच घरचा लॅपटॉप उघडला. “बाई, मला तर दिसतेय.”

“मला दिसत नाही.”

“मला दिसतेय हो. हे बघा, भारंगी, भुईआवळी…”

“योगिनी, मी शहात्तर वर्षांची आहे, आंधळी नाही.”

अमितला फोन केल्यावर उलगडा झाला. योगिनीच्या ब्राउझरनं, ग्रंथालयात आणि घरीही, स्क्रिप्टची जुनी प्रत जपून ठेवली होती आणि तो तिला तीच पुन्हा पुन्हा चालवून दाखवत होता. साऱ्या जगासाठी पट्टी आदल्या दुपारीच गायब झाली होती, फक्त जिनं गायब केली तिलाच ती दिसत होती. वर तिनं अट काढून टाकल्यामुळं भाजीच्या पानावरचीच नाही, तर सगळ्याच पानांवरची.

“कंट्रोल दाबून धर आणि एफ-फाइव्ह,” अमित म्हणाला. योगिनीनं दाबलं. अंबाडी ते हादगा, सगळं क्षणात नाहीसं झालं. तिला उगाचच अपराधी वाटलं.

त्या दिवशी तिनं स्क्रिप्ट नुसती चिकटवली नाही, वाचली. एकेका शब्दावर बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखी. ‘जर’ आणि ‘नाहीतर’ एवढंच तर होतं त्यात. जर पान भाजीच्या वर्गातलं असेल, आणि जर वाचणाऱ्यानं आपल्या नावानं प्रवेश केलेला नसेल, तर पट्टी लपव. नाहीतर राहू दे. दुसरा ‘जर’ तिनं स्वतःच्या डोक्यानं घातला. वत्सलाबाईंचं कोशात खातं होतं, त्यांना यादी दिसली पाहिजे. चालतंय का हे बघायला तिनं स्वतः आत शिरून, बाहेर पडून, पुन्हा आत शिरून पाहिलं. आत यादी, बाहेर यादी नाही. तिनं टेबलावर एवढ्या जोरात थाप मारली की वाचनकक्षातल्या मुलांनी माना वर केल्या. गेली कित्येक वर्षं ती त्याच कारणासाठी त्यांना दटावत आली होती.

वत्सलाबाईंना त्यांचा पासवर्ड शोधायला दोन दिवस लागले. तो टाकळ्याच्या वहीत, वाळलेल्या पानाखाली सापडला.

शनिवारी योगिनीनं पुठ्ठा पुसून पुन्हा उभा केला आणि बाजूला थांबली. मोबाइल कोडावर धरला की अख्खा पडदाभर टाकळा. लोक वाचत होते, माना हलवत होते, टाकळा घेत होते. तासाभरात टाकळा संपला. योगिनी विजयी मुद्रेनं लंकाबाईकडं वळली.

लंकाबाईचं तोंड काही फुललं नव्हतं. तिच्यापुढं कुर्डूच्या जुड्या होत्या तशाच पडल्या होत्या, करटुली होती, भारंगीची कोवळी पानं होती.

“का हो मावशी?”

“पुठ्ठ्यावर टाकळा पयला, म्हून जो तो त्यालाच मोबाइल लावतो. टाकळ्याचं वाचत्यात, टाकळा घेत्यात आन् चालाय लागत्यात. अजून काय हाय का म्हून कुणी इचारत नाय. आधी यादी व्हती तर निदान इचारायची तरी.” तिनं कुर्डूवर पाणी शिंपडलं. “तुमचं कसं हाय ताई, दाखवाल तर समदं रान दाखवाल, नायतर कायच नाय. माझ्या टोपलीत हाय तेवढं दाखव ना.”

योगिनी कुर्डूकडं बघत राहिली. इतकं साधं! पट्टी दिसावी की लपावी एवढाच विचार तिनं आणि अमितनं केला होता. पट्टीत काय दिसावं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी ती वही घेऊन लंकाबाईशेजारी पुठ्ठ्याच्या दुसऱ्या तुकड्यावर बसली. कुठली भाजी कधी येते आणि कधी जाते, हे तिला लिहून घ्यायचं होतं. लंकाबाई गिऱ्हाईक करता करता सांगत होती.

“फोडशी मिरगात. कुर्डू पोळ्यापर्यंत, पण नागपंचमीनंतर जून होतो, नुसतं शेंडं घ्यायचं. चाईचा बार, तुमी मोहोर म्हनता त्यो, पंचमीच्या पुढं. करटुली गणपती बसूस्तोवर.”

“पंचमी म्हणजे ऑगस्टचा पहिला आठवडा का?”

“त्ये तुझ्या कॅलेंडरला इचार.”

योगिनीनं कॅलेंडरला विचारलं, तिथींच्या तारखा काढल्या आणि स्क्रिप्टमध्ये प्रत्येक भाजीपुढं दोन तारखा घातल्या. या आठवड्यापासून त्या आठवड्यापर्यंत दिसायचं, एरवी लपायचं. या वेळी अमितला तिनं फक्त एकदा फोन केला, तोही कंस कुठं बंद करायचा हे विचारायला. आता बाहेरच्या माणसानं कुठलंही पान उघडलं तरी डावीकडं अगदी लहानशी पट्टी दिसायची, ‘सध्या रानात’ अशा मथळ्याची, आणि तिच्यात चार-पाच नावं. मोबाइलवर ती वरच्या बाजूला एका ओळीत बसायची. टाकळा वाचता वाचता कुर्डूवर बोट पडायचं, कुर्डूवरून करटुलीवर. टोपली साडेनऊला रिकामी होऊ लागली. लंकाबाई एकदा तर लवकरची एसटी मिळाली म्हणून इतकी खूश झाली की तिनं योगिनीला उरलेली भारंगी फुकट दिली आणि “कडू पानी काढून टाक, नायतर शिव्या देशील मला” असंही बजावलं.

मग ऑगस्ट उजाडला आणि शेखर पुन्हा आला.

“चाईचा मोहोर द्या,” तो म्हणाला.

“नाय आला अजून.”

“अहो, कोश म्हणतोय आजपासून आहे. हे बघा, सध्या रानात, चाईचा मोहोर. मी खास सासूबाईंना सांगून आलोय.”

लंकाबाईनं त्याच्या मोबाइलकडं पाहिलं, मग योगिनीकडं पाहिलं.

“कोश म्हनतो, खरं हाय साहेब. पण येलाला अजून कुणी सांगितलं नाय.”

शेखर आधी गोंधळला, मग खो खो हसला आणि करटुली घेऊन गेला. योगिनीचं मात्र तोंड उतरलं. यंदा जुलैत पावसानं पंधरा दिवस ओढ दिली होती, सगळं रान मागं पडलं होतं. स्क्रिप्टला ते काय माहीत? तिला तारीख कळत होती, पाऊस कळत नव्हता.

“मावशी, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही,” ती म्हणाली. “दर वर्षी रान वेगळं वागणार. मी इथं बसून ठरवू कसं?”

“तू कशाला ठरवतीस? म्या सांगते की.”

“तुम्ही बुधवारी-शनिवारी सांगणार. मध्ये काही आलं, काही गेलं तर?”

“माझी सून हाय ना, निकिता. बारावी झालीय. दिसभर बोट मोबाइलवरच असतंय तिचं, कामाला तरी लागंल.”

निकिता पुढच्या शनिवारी सासूबरोबर आली. तेवीस-चोवीस वर्षांची, बोलायला चुणचुणीत. योगिनीनं तोवर स्क्रिप्ट पुन्हा बदलली होती. तारखा सगळ्या काढून टाकल्या होत्या. कोशात एक नवं साधं पान केलं होतं, त्यावर फक्त भाज्यांची नावं, एकाखाली एक. स्क्रिप्ट ते पान वाचणार आणि त्यातली नावं पट्टीत दाखवणार. बाकी सगळं लपलेलं. नाव लिहिलं की दिसलं, पुसलं की गेलं.

“एवढंच?” निकितानं विचारलं.

“एवढंच.”

“मग ह्ये तर वाण्याच्या यादीपेक्षा सोपं हाय,” असं म्हणत तिनं तिथंच उभ्या उभ्या टाकळा पुसला. “टाकळा जून झाला ना हो, आत्याबाई?”

“कवाच,” लंकाबाई म्हणाली.

योगिनीच्या मोबाइलवरून टाकळा गेला. या वेळी तिला कंट्रोल आणि एफ-फाइव्हची गरज पडली नाही. नुसती नावं बदलली तर स्क्रिप्ट ती ताजी वाचून घेत होती. तेवढं तिनं अमितकडून आधीच शिकून घेतलं होतं.

अडचण आली ती वत्सलाबाईंची. निकितासाठी योगिनीनं उघडलेल्या नव्या खात्याचं नाव ‘लंकाबाई’ असं बदलांच्या नोंदीत दिसताच त्यांचा फोन आला.

“कोण या लंकाबाई? मला न विचारता टाकळा काढला त्यांनी.”

“कोशातून नाही काढला बाई, पट्टीतून काढला. पान आहे तिथंच आहे.”

“कोश म्हणजे शिस्त, योगिनी. उद्या कुणीही येईल, काहीही दाखवील, काहीही लपवील. त्यांचा अभ्यास किती आहे?”

“बाई, तुम्ही बुधवारी सकाळी मोकळ्या आहात?”

बुधवारी आठ वाजता पंचवटीहून आलेल्या रिक्षातून वत्सलाबाई उतरल्या. इस्त्रीची सुती साडी, काखेत वही, डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा चष्मा. लंकाबाईनं त्यांच्यासाठी पुठ्ठा झटकला. वत्सलाबाई गुडघ्यांची तक्रार करत, योगिनीच्या खांद्याचा आधार घेत बसल्या आणि बसल्या बसल्या परीक्षा सुरू झाली.

“भारंगी कधी येते?”

“पान इचारताय का फूल?” लंकाबाई म्हणाली.

वत्सलाबाईंनी चष्मा वर सरकवला. “म्हणजे?”

“पान कवळं आसतं पाऊस लागल्या लागल्या. मग त्ये कडू होतं, रठ होतं. त्याला सोडून द्यायचं. पुढं फूल येतं, त्याची येगळी भाजी. एकाच झाडावर दोन भाज्या हायेत, बाई. मधी महिनाभर कायच नाय. तुमच्या कोशात एकच भारंगी हाय, मग निकितानं ती ठिवायची का पुसायची? परवा दिसभर पोरगी इचारत व्हती.”

वत्सलाबाईंनी लंकाबाईकडं टक लावून पाहिलं. योगिनीला शाळेतले दिवस आठवले. बाईंनी असं पाहिलं की वर्गात कुणाला तरी उभं राहावं लागायचं. पण वत्सलाबाईंनी वही उघडली, भारंगीचं पान काढलं, आपल्याच सुवाच्य अक्षरांवर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘दोन पाने करावीत. पाला. फुले.’ मग त्यांनी पेन लंकाबाईकडं रोखलं.

“फुलांचं पाणी काढायचं की नाही?”

“उकडून पिळून घ्यायची. म्या सांगते, तुमी लिवा.”

साडेदहा वाजले तरी दोघी उठल्या नव्हत्या. गिऱ्हाइकं वत्सलाबाईंनाच भाव विचारू लागली होती आणि त्याही “यांना विचारा” म्हणायच्या ऐवजी करटुली निवडून देत होत्या, किडकी बाजूला काढून. योगिनीला ग्रंथालयात पोचायला पाऊण तास उशीर झाला आणि तिनं नोंदवहीत कारण लिहिलं, ‘क्षेत्रभेट’.

तेव्हापासून वत्सलाबाई सकाळच्या चहाबरोबर पाच पानं तपासण्याआधी निकिताचं ते नावांचं पान बघू लागल्या. कुर्डू गेला. चाईचा मोहोर आला, पंधरवडाभर उशिरा, आणि शेखरनं सासूबाईंसाठी तीन जुड्या नेल्या. भारंगीची फुलं आली, तीही आपल्या स्वतंत्र पानासह.

पोळा झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन वाजला.

“योगिनी,” वत्सलाबाई म्हणाल्या, “खेकडा ही भाजी कधीपासून झाली?”

योगिनीनं मोबाइल उघडला. ‘सध्या रानात: करटुली, भारंगीची फुलं, चाईचा मोहोर, खेकडे.’ शेवटचं नाव लाल होतं. कोशात त्याचं पान नव्हतं, म्हणून.

तिनं निकिताला फोन लावला. मागून भांड्यांचा आणि लंकाबाईच्या बोलण्याचा आवाज येत होता.

“सरावन संपला ना, ताई,” निकिता म्हणाली. “वढ्याला लय खेकडे निघाले. आत्याबाई उद्या आणणार हायेत. म्हणल्या, लिव. मी म्हणलं, त्यो भाज्यांचा कोश हाय. तर म्हणल्या, मंग काय लोकांना कळायचं कसं?”

योगिनीनं वत्सलाबाईंना परत फोन केला आणि जसंच्या तसं सांगितलं. वत्सलाबाईंच्या स्वयंपाकघरात आजवर अंडंही गेलं नव्हतं, हे योगिनीला माहीत होतं.

“पुसायला सांगू का, बाई?”

“पुसायचं कशाला? ते पान लंकाबाईचं आहे.” वत्सलाबाईंनी घसा साफ केला. “पण लाल नाव मला चालणार नाही. कोशात लाल नाव म्हणजे अर्धवट काम. पान हवं.”

“कोण लिहिणार?”

“मी खात नाही म्हणजे मला लिहिता येत नाही असं नाही. तू काय शिकलीस माझ्याकडे? संधिपाद प्राणी, दहा पाय. शास्त्रीय नाव मी शोधते. करायचे कसे, ते उद्या ती सांगेल, तू लिहून घे. मी तेवढा वेळ पलीकडे करटुली निवडत बसेन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता टोपलीशेजारी झाकणाचा एक डबा होता आणि आतून खुडबुड ऐकू येत होती. वत्सलाबाई डब्याकडं पाठ करून बसल्या होत्या. योगिनीनं मोबाइलवर नवं पान उघडलं. मथळ्याखाली वत्सलाबाईंनी रात्रीच एक परिच्छेद घालून ठेवला होता, वर्ग आणि संघ वगैरे सगळं नीट.

“सांगा मावशी,” ती म्हणाली.

लंकाबाईनं डब्याचं झाकण बोटभर उघडून आत पाहिलं आणि परत लावलं. “पयलं लिव,” ती म्हणाली, “नांग्या मोडायच्या. आन् त्या टाकायच्या नायत.”

“अगं, जरा हळू बोल,” वत्सलाबाई पाठीमागून म्हणाल्या. पण कान इकडंच होते.